उभ्या माणसाचं उत्तर

"कप हातात घ्यायचा, समोर खाली ठेवायचा. ओठाला लावायचा नाही," हिलमसाहेब म्हणाले. "दांडेकर, तुम्हालाही सांगतोय."

गाडीतला एसी चालू असूनही माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मस्कतजवळच्या बरक्याच्या मासळीबाजारापासून आत वळलं की खजुराच्या बागांमधून एक अरुंद रस्ता जातो. त्याच्या टोकाला अर्बाबचं, म्हणजे इथल्या मालकाचं, घर होतं आणि त्या घराच्या भिंतीला लागून मी गाडी उभी केली होती. शुक्रवारची नमाज होऊन तासभर झाला होता.

"आणि चुकून प्यायलो तर?" मी विचारलं.

"तर विषय संपला. कहवा प्यायला, कप हलवून परत दिला, म्हणजे आपलं काही मागणं नव्हतं. पाहुणे म्हणून आलो, पाहुणे म्हणून निघालो. पण कप भरलेला तसाच राहिला, तर घरच्या माणसाला विचारावंच लागतं, बाबा रे, काय हवंय तुला? मागणं पुरं केल्याशिवाय पाहुण्याला तसंच जाऊ दिलं तर त्याची लाज जाते. जुन्या घरांत अजून पाळतात हे. उस्मानभाई, बरोबर ना?"

मागच्या सीटवरून उस्मानभाई म्हणाला, "हां साब. हमारे अर्बाब तर एकदम पुराने खयाल के." मग मराठीत आला. "पण साहेब, जरा संभाळून. बहीण पण सुटली पाहिजे आणि अर्बाब पण नाराज नाय झाला पाहिजे."

"दोन्ही होणार नाहीत," हिलमसाहेब म्हणाले आणि दार उघडून उतरले.

गोष्ट साधी होती. उस्मानभाई मूळचा मंडणगडकडचा, गेली बावीस वर्षं इब्रीत दुकान चालवतो. दुकान चालवतो तो, पण दुकानाचा परवाना या बरक्याच्या अर्बाबच्या नावावर आहे. चार वर्षांपूर्वी त्यानेच आपल्या विधवा बहिणीला, नसीबाला, याच घरात कामाला लावलं. दोन वर्षांनी रजा, असं ठरलं होतं. दोन वर्षं झाली तेव्हा घरात सून बाळंत व्हायची होती. मग रमजान आला. मग अर्बाबच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, पगार वेळेवर. फक्त पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात, आणि दर वेळी उत्तर एकच, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. गावाला नसीबाची मुलगी तूबा सहावीत होती ती दहावीला गेली. मागच्या आठवड्यात नसीबाने भावाला फोनवर सांगितलं होतं की आता मी एक दिवस गेट उघडून चालू पडेन. पासपोर्टशिवाय ती चालू पडली असती तर अर्बाबने पळून गेल्याची तक्रार दिली असती आणि नसीबा घराऐवजी कोठडीत पोचली असती. म्हणून आज अर्बाबच्या तोंडून होकार, हातून पासपोर्ट आणि व्हिसा रद्द करायच्या अर्जावर सही, एवढं घेऊन निघायचं होतं.

यात माझं काय काम, असं कोणी विचारलं तर मलाही सांगता येणार नाही. मस्कतच्या रुवी भागातल्या एका वकिली कचेरीत मी हिशेब बघतो. हिलमसाहेब तिथेच कायद्याचे सल्लागार आहेत. इथल्या कोर्टात उभं राहायचा हक्क इथल्याच वकिलांना. त्यांच्यासारखे बाहेरचे फक्त करार लिहितात आणि सल्ला देतात. हिलमसाहेबांना गाडी चालवता येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही. गुरुवारी संध्याकाळी आमच्या कचेरीच्या मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "ते घर ओळखीचं आहे, त्या भानगडीत पडू नका." हिलमसाहेबांनी ऐकून घेतलं होतं, उभ्याने.

त्यांचं हे उभं राहणं आमच्या कचेरीत थट्टेचा विषय होता. मालक केबिनमधून बाहेर आले की हा बेचाळीस वर्षांचा माणूस, हातातली फाइल सोडून, ताडकन उभा. मालक लांबून नुसते गेले तरी उभा. आम्ही म्हणायचो, झेंडावंदन झालं. मीही म्हणायचो. त्याचं कारण मला कळलं तेव्हा एकत्र काम करून चार वर्षं होऊन गेली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

तानाजी हिलम कातकरी. जन्म कोळशाच्या भट्टीवरचा. बापाने उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत सगळं कुटुंब मालकाचं. ती कधीच फिटत नाही, तशी फिटली नाही. ट्रकमधून त्यांना घाट ओलांडून लांब माळावर न्यायचे, बाभळी तोडायच्या, मातीखाली रचून जाळायच्या. भट्टीला कुठे भोक पडून धूर सुटला तर अंगाने हलकं पोर वर चढवून ते बुजवायचे. तानाजी नऊ वर्षांचा असताना तिथे एक साहेब जीप घेऊन चौकशीला आला. मालक शेजारी उभा. आई समोर उभी. साहेबाने विचारलं, बाई, काही त्रास? आई म्हणाली, "काय नाय साहेब. मालक चांगला हाय." साहेबाने लिहून घेतलं आणि जीप गेली. त्यानंतर दीड महिन्याने बारकी, त्यांची धाकटी बहीण, भोक बुजवायला वर चढली आणि भट्टीचा माथा खचला.

पुढच्या वर्षी दुसरी जीप आली. तिच्यातून एक बाई उतरली. तिने मालकाला लांब उभं केलं, आईला बाभळीखाली बसवलं, स्वतः समोर मातीत बसली आणि पाणी दिलं. काही विचारलंच नाही. आई आपण होऊन तासभर बोलली. त्या कुटुंबाला मिळालेला मुक्तीचा दाखला आईच्या अंगठ्यासकट अजून हिलमसाहेबांच्या फायलीत असतो. मग आश्रमशाळा, मग हमाली करत कॉलेज, मग वकिली. बारा वर्षं त्यांनी रायगडातल्या तालुक्या-तालुक्यांतून वेठबिगारांचे खटले लढवले, वीटभट्ट्यांवरून माणसं सोडवून आणली, दोनदा डोकं फोडून घेतलं. साक्षीदार फुटायचे, पण त्यांनी बसवून विचारलेला साक्षीदार फुटला नाही, असं त्यांच्याबरोबर काम केलेला एक जण मला सांगत होता.

पहिल्या मिळकतीतून त्यांनी आईला एक खुर्ची आणली. आई तिच्यावर कधी बसली नाही. धुतलेले कपडे घडी घालून खुर्चीवर ठेवायची आणि स्वतः शेजारी जमिनीवर. ती गेली तेव्हा खुर्चीला दुकानाचं लेबल तसंच होतं.

असा हा माणूस माझ्या पुढे चालत मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, दारात गेला, चपला काढल्या आणि अर्बाबसमोर उभा राहिला. अर्बाब सत्तरीचा, पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, चेहरा अगदी आजोबाचा. मला तो पाहताक्षणी आवडला, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

"तफद्दल, तफद्दल," त्याने हाताने गालिचा दाखवला. तेव्हा कुठे हिलमसाहेब बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला, उस्मानभाई माझ्या पलीकडे. खजूर आले, हलवा आला. जुन्या पिढीतल्या इथल्या बऱ्याच माणसांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी अर्बाबलाही येत होतं. त्याने रस्त्याची चौकशी केली, मस्कतच्या उन्हाची केली. बायका-पोरांची तर दोनदा केली.

मग आतून नसीबा आली. पुरुषांच्या मजलिसमध्ये कहवा ओततात ती घरची पोरं. आज मुद्दाम तिला पाठवलं होतं. चाळिशीच्या आतली बाई, पण हनुवटीजवळ सुकलेली, डोक्यावरून ओढणी घट्ट. डाव्या हातात कहव्याची, बिनदुधाच्या अरबी कॉफीची, सुरई, उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप एकात एक. तिने भावाकडे पाहिलं नाही.

पहिला कप हिलमसाहेबांना. त्यांनी उजव्या हाताने घेतला आणि समोर गालिच्यावर ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही, पण अर्बाबचं बोलणं अर्ध्यात थांबलं. दुसरा मला. तो मीही समोर ठेवला. तिसरा कप उस्मानभाईने घेतला.

"उस्मान," अर्बाब मायेने म्हणाला, "दुकान ठीक?"

एवढंच. उस्मानभाईने कपाकडे पाहिलं, अर्बाबकडे पाहिलं, आणि एका घोटात कहवा पिऊन टाकला. कप दोनदा हलवला आणि नसीबाच्या हातात परत दिला.

चार वर्षं त्या घरातल्या बायकांना कहवा ओतणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने कप घेतला. ओढणीखाली तिचा जबडा हलला. उस्मानभाई गालिच्यावरची नक्षी पाहू लागला, आणि मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच क्षणी हेही कळत होतं की त्याच्या जागी असतो तर मीही प्यायलो असतो.

"वकील साब," अर्बाब म्हणाला, "मैं जानता, आप किस वास्ते आया. नसीबा मेरा बेटी है. आप पूछो. उसको जाना, तो मैं नहीं रोकेगा." आणि आपणच तिच्याकडे वळला. "नसीबा, इधर खुश?"

ती दोन्ही हात गुंतलेले, दाराजवळ भिंतीशी उभी होती. "हां बाबा," ती म्हणाली. "खुश."

संपलं. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. रविवारी कचेरीत मालकांना तोंड दाखवता येणार होतं. मी मनातल्या मनात चपला शोधू लागलो होतो.

हिलमसाहेब हलले नाहीत. "अर्बाब," ते हळू म्हणाले, "खड़े आदमी का जवाब मैं नहीं लेता."

"क्या मतलब?"

"मतलब कुछ नहीं. उसको बैठने दो. फिर जो बोलेगी, मैं मानूंगा. खुश बोलेगी, तो मैं यह कप पीकर जाऊंगा."

अर्बाब हसला. त्याला हे मागणं अगदीच किरकोळ वाटलं असावं. त्याने हाताने खूण केली, बस. नसीबा बसली, जिथे उभी होती तिथेच, दाराशी, गालिचा संपून उघडी फरशी लागते तिथे. सुरई अजून हातात.

"उधर नहीं," हिलमसाहेब म्हणाले. ते उठले, तिच्याजवळ गेले, वाकून तिच्या डाव्या हातातली सुरई आपल्या डाव्या हातात घेतली. कप घेतले. "ताई, माझ्या जागेवर बस. त्या तक्क्याला टेकून."

तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. तिने अर्बाबकडे पाहिलं. मग ती उठली, गालिच्यावरून अंग चोरत आली आणि माझ्या शेजारी बसली. टेकली मात्र नाही. तिच्या समोर हिलमसाहेबांचा भरलेला कप होता.

हिलमसाहेब तिच्या जागी, भिंतीशी उभे राहिले. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. नजरसुद्धा दिली नाही.

अर्बाबचं हसू ओसरलं. म्हातारा हुशार होता. कुठे येऊन पोचलो ते त्याला आमच्या आधी कळलं. त्याने आवाज आणखी मऊ केला. "नसीबा, कहवा पियो. ठंडा होता."

तिचा हात पुढे गेला. बोटं कपाच्या काठाला लागली. आतून, घरातून, एका बाईची हाक आली, "नसीबा!" आणि ती हाकेसरशी अर्धी उठली. डोळेसुद्धा हाकेकडे गेले नव्हते तिचे, नुसतं अंगच उठलं.

"बस," भिंतीजवळून हिलमसाहेब म्हणाले.

ती बसली. आणि या वेळी तक्क्याला टेकली. कप तिने बोटाने वीतभर पुढे सरकवला.

"नाय बाबा," ती म्हणाली. मग मराठीत, कोणाकडेच न बघता, "मना घरा जावाचा हाय." आणि मग तेच वाक्य त्या घरात शिकलेल्या अरबीत, अर्बाबच्या डोळ्यांत बघून, पुन्हा एकदा.

"रमज़ान के बाद," अर्बाब म्हणाला.

"चार रमज़ान हो गया, बाबा."

अर्बाबने कपाकडे पाहिलं. दोन कप भरलेले होते, माझा आणि तिचा, आणि तिचा कप आता वकिलाचा नव्हता. त्याच्याच घरात बसलेल्या पाहुणीचा होता. तो उठून निघून गेला असता तर आम्ही काय केलं असतं? काहीही नाही. कायदा, कचेरी, अर्ज, सगळं नंतरचं आणि लांबचं. त्या खोलीत फक्त कहवा होता. अर्बाबने दाढीवरून दोनदा हात फिरवला आणि आत तोंड करून बायकोला काहीतरी सांगितलं. पडद्याआडून बांगड्यांचा हात आला आणि त्याच्यात निळा पासपोर्ट होता.

अर्जावर सही करताना त्याने माझं पेन वापरलं. डोळे पाणावले होते त्याचे, आणि ते नाटक नव्हतं. नसीबाला त्याने खरंच मुलगी मानलं होतं आणि तरी चार वर्षं कपाटाला कुलूप घातलं होतं. मला अजून त्या दोन गोष्टी एका माणसात बसवता येत नाहीत.

"अब पियो," तो म्हणाला.

नसीबा गार झालेला कहवा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. कप हलवला. हिलमसाहेबांनी पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला, जसा चार वर्षं ती इतरांचा घेत आली होती. मीही माझा कप संपवला. इतका कडू कहवा इतक्या आनंदाने मी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

उस्मानभाई आमच्याबरोबर निघाला नाही. "मैं ज़रा बैठता हूं अर्बाब के पास," असं काहीतरी पुटपुटला. नसीबाचं सामान एका पिशवीत मावलं. बाळंत झालेली ती सून मुलाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली, पोर नसीबाकडे झेपावत होतं. नसीबाने त्याचे हात एकदा गालाला लावले आणि गाडीत बसली. दार तिला लावता येईना, मी उतरून लावलं.

हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "भायचा दुकान जाईल?"

"जाऊ शकतं," हिलमसाहेब म्हणाले. त्यांना खोटं बोलून धीर देता येत नाही. वकिलाला ही मोठीच अडचण.

ती बाहेर बघत राहिली. सीबजवळ ट्रॅफिक तुंबला तेव्हा हिलमसाहेब मागे वळले. "ताई, भावावर राग धरू नको. तो अडकलाय. माझी आईसुद्धा एकदा असंच म्हणाली होती, मालक चांगला आहे म्हणून. उभ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही."

"पण तो तर बसलेला होता," नसीबा म्हणाली.

हिलमसाहेब पुढे वळले आणि मांडीवरची फाइल नीट करू लागले. मला वाटतं तीस वर्षांत त्यांच्या हिशेबात न बसणारं हे पहिलंच उत्तर असावं.

व्हिसा रद्द झाला की तिकीट काढायचं होतं, तोवर नसीबा आमच्याकडे राहणार होती. माझ्या बायकोने, शुभदाने, दार उघडलं आणि काही न विचारता चहा टाकला. आमच्याकडे रोज धुण्याभांड्याला एक बाई येते, सहा वर्षं येते. जिना चढताना माझ्या मनात आलं होतं की ती आमच्या घरात कुठे बसून चहा पिते ते मी कधी पाहिलेलंच नाही. शुभदाला विचारायचं धाडस झालं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. शुभदा एकीवर, मी एकीवर. नसीबा दाराशी घुटमळली. शुभदा "बसा" म्हणणारच होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. नसीबाने ओढणी सारखी केली, टेबलाजवळ आली, खुर्ची मागे ओढली आणि बसली. पाठ टेकून बसली. चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले.

हिलमसाहेब फ्रिजशी उभे राहून हे बघत होते.

"अहो, तुम्ही पण बसा ना," शुभदा म्हणाली. "एक खुर्ची आहे की."

"हो, बसतो," ते म्हणाले. पुढे आले, बगलेतली फाइल, जिच्यात तो आईच्या अंगठ्याचा दाखला होता, चौथ्या खुर्चीवर नीट ठेवली, आणि कप उचलून उभ्यानेच चहा पिऊ लागले.